फ्लॅश लावला आणि फोटो उडाला

चेहरा पांढराफटक आला, कपाळावर चकाकता डाग पडला, नवरीच्या शालूची जर दिसेनाशी झाली, की बहुतेक जण घाईनं फ्लॅशची पॉवर कमी करायला लागतात. जरा थांबा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या, उडालेल्या फोटोचं शटर, ॲपर्चर आणि आयएसओ जसंच्या तसं ठेवा, फ्लॅश बंद करा आणि त्याच जागेवरून आणखी एक फोटो काढा. हा फोटो अंधारा आला, तर जास्त झालेला उजेड फ्लॅशचा. हाही पांढराच आला, तर फ्लॅशला उगाच बोल लावू नका. जागेवरचाच उजेड तुम्ही गरजेपेक्षा जास्त आत घेतला आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर फोटो आणखी बिघडतो.

फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर एकमेकांवर बसलेली असतात. एक जागेवरच्या उजेडाचं, दुसरं फ्लॅशचं. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या काही सहस्रांश भागातच संपतो, तेवढ्या वेळात शटर पूर्ण उघडं असलं की झालं. म्हणून शटर १/६० ठेवा की १/२००, फ्लॅशनं उजळलेला चेहरा तेवढाच उजळ राहतो. बदलते ती मागची बाजू. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही उजेडांवर चालतात. फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशपासून माणसाचं अंतर फक्त फ्लॅशच्या उजेडावर. चेहरा उडाला म्हणून शटर वाढवत बसणारे बरेच आहेत. खोलीत त्यांची मागची भिंत काळी होत जाते आणि चेहरा होता तसाच पांढरा राहतो.

आता आपल्याकडची दुपार घ्या. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त काही नवा नाही. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जाऊन येतो, तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि फेट्याखाली डोळ्यांवर काळी सावली पडलेली असते. ती उजळायला फ्लॅश लावणं बरोबरच आहे. पण फोटोग्राफरचा कॅमेरा असतो ॲपर्चर प्रायॉरिटीवर, लेन्स उघडलेली एफ २.८ वर, मागचं धूसर यावं म्हणून. फ्लॅश चालू झाल्याबरोबर बहुतेक डीएसएलआर कॅमेरे १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जात नाहीत. ही त्यांची सिंक स्पीडची मर्यादा. कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला साधारण एफ ११ लागतो. एफ ११ आणि एफ २.८ यांत चार स्टॉपचं अंतर, म्हणजे सोळापट उजेड. त्या शटरवर फ्लॅशचा उजेड पडलाच नसता तरी हा फोटो उडालाच असता. व्ह्यूफाइंडरमध्ये कॅमेरा तसं सांगतही असतो: कॅननमध्ये शटरचा आकडा लुकलुकतो, निकॉनमध्ये ‘हाय’ असं उमटतं. घोड्याच्या पुढं उलटं चालताना तिकडं लक्ष जात नाही, एवढंच. त्यात बऱ्याच जुन्या कॅनन डीएसएलआरची आणखी एक खोड आहे. आयएसओ ऑटोवर असेल तर फ्लॅश लागताच ते ४०० वर जाऊन बसतं. उन्हात हे आणखी दोन स्टॉप झाले.

यावर सरळ उपाय म्हणजे आयएसओ १०० वर बांधून टाकणं आणि एफ ११ पर्यंत जाणं. मागचं धूसर हवंच असेल तर हाय स्पीड सिंक चालू करा. मग शटर १/२००० पर्यंतही नेता येतं. पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, सेल लवकर उतरतात, आणि काही स्वस्त मॅन्युअल फ्लॅश कॅमेऱ्यावर लावलेले असताना ही सोय देतच नाहीत. अशा फ्लॅशला लेन्सवर उजेड अडवणारा एनडी फिल्टर हा पर्याय उरतो. माझं मत विचाराल तर घोड्यावरच्या नवरदेवाला एफ ११ च शोभतो: फेटा, घोड्याचा साज, मागची वाजंत्री, सगळं जागेवर दिसतं.

घरातला आणि मंगल कार्यालयाच्या खोलीतला प्रकार निराळा. इथं फ्लॅश बंद करून बघायची ती पहिली परीक्षा केली की फोटो काळा येतो, म्हणजे उजेड फ्लॅशचाच. तरीही ‘मी पॉवर अगदी कमी ठेवली होती’ अशी तक्रार असते आणि ती खरीही असते. गणित करून बघा. फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर दिलेला असतो. आयएसओ १०० ला अंतर आणि एफ नंबर यांचा गुणाकार. समजा तो ३२ मीटर आहे. मग एफ ४ ला पूर्ण पॉवरवर माणूस ८ मीटरवर असला तर बरोबर येईल. पॉवर १/४ केली की ४ मीटर, १/१६ ला २ मीटर, १/६४ ला १ मीटर. पॉवर चौपटीनं उतरते तेव्हा अंतर निम्मं होतं, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो.

आता हाच फ्लॅश घेऊन तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत नवरीच्या मेकअपचे फोटो काढताय. आयएसओ ८००, एफ २.८, अंतर २ मीटर, फ्लॅश सरळ तोंडावर. या मापाला जवळपास १/२५६ पॉवर पुरते, आणि बहुतेक फ्लॅश १/१२८ च्या खाली उतरतच नाहीत. म्हणजे सगळ्यांत कमी पॉवरवरही एक स्टॉप जास्त. आयएसओ १६०० असेल तर दोन स्टॉप. टीटीएल, म्हणजे पॉवर कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं, असलं तरी फरक पडत नाही, कारण तेही त्याच तळाशी येऊन अडतं. खोली अंधारी आहे म्हणून आयएसओ वाढवायचं आणि वर फ्लॅशही मारायचा, ही सवय मोबाइलच्या आणि बिनफ्लॅशच्या फोटोग्राफीतून आलेली आहे. फ्लॅश समोर सरळ मारणार असाल तर आयएसओ २०० ते ४०० आणि एफ ४ ते ५.६ वर या, दोन पावलं मागं सरा, आणि फोटो उडणं बहुतेक तिथंच थांबेल. पॉवरचं बटण त्यानंतर.

गाइड नंबरबद्दल एक सावधगिरी. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं ते फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम करून, उजेडाचा झोत बारीक असताना मोजलेलं. डोकं ३५ एमएमवर आलं की तोच आकडा खूप खाली येतो. उलट, लेन्स २४ एमएमची आणि फ्लॅशचं झूम हातानं १०५ वर राहिलेलं, असं झालं तर मधला माणूस उडतो आणि कडेचे नातेवाईक अंधारात जातात. ग्रुप फोटोत काकांचा चेहरा पांढरा आणि मावशी काळी असं दिसलं की आधी हे झूम तपासा.

टीटीएल चालतं कसं, तर खऱ्या लखलखाटाआधी फ्लॅश एक छोटा लखलखाट टाकतो, परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि पॉवर ठरवतो. समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. ही गफलत समजून घ्यायची तर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जा. मार्गशीर्षात खंडोबाच्या या यात्रेत जनावरांचं प्रदर्शन भरतं. लातूरकडची देवणी तिथं असते, अंगानं पांढरी. त्यातली बालंक्या जवळजवळ पूर्ण पांढरी, वानेराचं तोंड काळं, शेवेराच्या अंगावर काळे ठिपके. शेजारी कंधारकडचा गडद तांबडा लाल कंधारी वळू. संध्याकाळी टीटीएलवर दोघांचे जवळून फोटो काढा. पांढऱ्या देवणीनं फ्रेम भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो पॉवर कमी करतो आणि देवणी मळकट येते. कंधारी वळूनं फ्रेम भरली की कॅमेरा पॉवर वाढवतो आणि वळूची दोरी धरून उभ्या शेतकऱ्याचं पांढरं धोतर नि टोपी उडून जाते. पहिल्या फोटोला फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक एक, दुसऱ्याला उणे एक ते दीड. घोड्यांच्या बाजारात मात्र फ्लॅश अजिबात नको. बुजलेला घोडा कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

रात्रीच्या लॉनवरची लग्नं हे याच गफलतीचं मोठं उदाहरण. मागं काळं आकाश, फ्रेमचा बहुतेक भाग अंधारा, मधे दोन माणसं. कॅमेरा अंधार उजळायला निघतो आणि माणसं जळतात. अशा जागी फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे एकवरून सुरू करणं चांगलं. ते कुठं लावता याकडेही लक्ष असू द्या. कॅननमध्ये फ्लॅशवर लावलेला आकडा कॅमेऱ्यावरच्या आकड्याला बाजूला सारतो. निकॉनमध्ये दोन्हींची बेरीज होते. शिवाय काही निकॉन कॅमेऱ्यांत साधं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनही फ्लॅशवर चालतं, कॅननमध्ये ते फक्त जागेवरच्या उजेडापुरतं असतं. आणि फ्लॅश मॅन्युअलवर असेल तर कॉम्पेन्सेशन कितीही फिरवा, काही होत नाही. नव्या मुलांचा अर्धा गोंधळ या शेवटच्या गोष्टीपायी असतो.

आता लग्नातलं ते एक मिनिट, ज्यासाठी तुम्हाला बोलावलेलं असतं. मंगलाष्टकं चालू आहेत, मधे अंतरपाट आहे, पांढरा. टीटीएल त्या पांढऱ्या कापडावरून मोजतं आणि पॉवर खाली ठेवतं. चेहरे थोडे गडद येतायत म्हणून तुम्ही कॉम्पेन्सेशन अधिक एक करता. तेवढ्यात अंतरपाट खाली येतो, फ्रेममधलं पांढरं कापड नाहीसं होतं, मागची काळोखी बाजू उघडी पडते, कॅमेरा पॉवर वाढवतो, वर तुमचा अधिक एक आहेच. एकमेकांना हार घालतानाचा फोटो उडतो तो असा. या क्षणाला टीटीएलवर सोडू नका. आधीच्या मंगलाष्टकाला नवरीच्या चेहऱ्यावर माप घेऊन फ्लॅश मॅन्युअलवर बांधा, आणि अंतर बदलू नका. मॅन्युअलची सवय नसेल तर कॅननमधलं एफईएल किंवा निकॉनमधलं एफव्ही लॉक वापरा. चेहऱ्यावर घेतलेलं माप कॅमेरा काही वेळ तसंच धरून ठेवतो.

अक्षतांचंही असंच. आपल्याकडे रंगवलेली ज्वारी उडते. नवरा-नवरी तुमच्यापासून ३ मीटरवर आणि एखादा दाणा लेन्सपुढे अर्ध्या मीटरवर असेल, तर दाण्यावर छत्तीसपट उजेड पडतो. फोटोभर पांढरे गोळे दिसतात ते हेच. माळेगावात किंवा जेजुरीला भंडारा उधळताना तर पूर्ण पडदाच तयार होतो. समोरून सरळ फ्लॅश हे त्याचं कारण. फ्लॅश वर वळवा किंवा कॅमेऱ्यापासून दूर बाजूला धरा, आणि लांबून मोठ्या लेन्सनं काढा.

हळदीच्या फोटोत निराळा धोका असतो. हळदीनं माखलेला चेहरा पिवळा; त्यात लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. एकच पांढरा हिस्टोग्राम बघत असाल तर तो उजवीकडे टेकलेला दिसत नाही आणि तरी लाल चॅनल फाटलेला असतो. गालावरचा पोत जातो, पिवळा रंग सपाट होतो. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम उघडा. केशरी फेटा, गुरुद्वाऱ्याचा निशाणसाहिब ध्वज, कुंकू, नवरीचा लाल शेला यांनाही हाच नियम. हायलाइट अलर्ट, म्हणजे उडालेल्या भागात काळी लुकलुक दाखवणारी सोय, कायम चालू ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळ्यांनी भरवसा ठेवू नका. उन्हात तो काळवंडलेला वाटतो आणि तुम्ही पॉवर वाढवता.

उजेड छतावर आपटून घेणं हा उडालेल्या चेहऱ्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय. पांढरा स्लॅब असेल तर दोन-तीन स्टॉप उजेड वाटेतच खर्ची पडतो आणि जो येतो तो मऊ येतो; मघाशी सांगितलेली तळाची अडचणही सुटते. पण वर काय आहे ते बघा. मांडवाचं लाल-पिवळं कापड असेल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरेल. उदगीर, औसा, कंधारकडच्या जुन्या वाड्यांत माळवदाखालची काळपट लाकडं सगळा उजेड पिऊन टाकतात. नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहासारख्या मोठ्या जागेत छत इतकं उंच की परत काही येतच नाही. अशा ठिकाणी एखादी पांढरी भिंत शोधा, किंवा फ्लॅशच्या डोक्यामागं पांढरा पुठ्ठा रबरबँडनं बांधा. प्लॅस्टिकची पांढरी टोपी बंद खोलीत थोडी कामाची. उघड्या लॉनवर ती फक्त उजेड खाते.

जून उजाडला की लातूरच्या औसा रोडवर आणि नांदेडच्या आयटीआय चौकात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गुण मिळवलेल्या मुलांचे फ्लेक्स लागतात, आणि सत्कारांचा हंगाम सुरू होतो. पांढरा ॲप्रन, चकचकीत ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, मागं फ्लेक्स: फ्लॅशला चकवणारं सगळं एकाच चौकटीत. स्मृतिचिन्ह हातात धरणाऱ्याला ते वरून थोडं पुढं, जमिनीकडं झुकवायला सांगा, चकाकी खाली जाते. फ्लेक्सला काटकोनात उभे राहू नका, थोडे बाजूला व्हा. ॲप्रनवरची घडी दिसली पाहिजे हे माप ठेवा. ती दिसली की चेहरा हमखास शाबूत असतो. रुखवतातल्या स्टीलच्या भांड्यांनाही थोडं बाजूनंच काढायचं.

कधी कधी फ्लॅश आणि सेटिंग दोन्ही ठीक असतात, चेहराच उजेड जास्त परतवत असतो. उन्हाळ्यात घाम. हातरुमालानं टिपून घ्यायला सांगण्यात संकोच नको. आणि मेकअपची काही पावडर, विशेषतः सिलिका असलेली पारदर्शक पावडर, साध्या डोळ्यांना दिसत नाही पण समोरच्या फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे ठिपके होऊन उठते. नवरी तयार झाली की स्टेजवर जाण्याआधी एक चाचणीचा फोटो काढून मेकअप करणाऱ्या ताईंना दाखवा.

गंजगोलाई किंवा सचखंड गुरुद्वारा मागं घेऊन रात्री घरच्यांचा फोटो काढणाऱ्यांची चूक ठरलेली. १९१७ साली उभारलेली लातूरची गोलाई, किंवा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेला नांदेडचा गुरुद्वारा, यांना तुमचा फ्लॅश उजळवू शकत नाही. माणसं ३ मीटरवर, वास्तू ३० मीटरवर. तिथं पोचणारा उजेड शंभरावा भाग. वास्तू दिसेना म्हणून पॉवर वाढवली की माणसं उडतात. वास्तूचे दिवे शटरनं टिपायचे. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१५ पासून सुरुवात, कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्लॅश १/६४ च्या आसपास, आणि माणसांना क्षणभर हलू नका म्हणून सांगायचं. गुरुद्वाऱ्याच्या आवारात कॅमेरा काढण्याआधी सेवादारांना विचारून घ्या.

काही कारणं तुमच्या हाताबाहेरची वाटतात, पण तपासायला दोन मिनिटं लागतात. फ्लॅश हॉट शूमध्ये पूर्ण आत सरकला नसेल किंवा पिनांवर घाम-धूळ बसली असेल, तर टीटीएलचा संवाद तुटतो आणि फ्लॅश पूर्ण ताकदीनं उडू शकतो. कोरड्या सुती कापडानं पिना पुसा, कडी घट्ट करा. कॅननचा फ्लॅश निकॉनवर लावला तर मधल्या पिनेवर उडेल, पण माप घेणार नाही. बाजूला स्टँडवर ठेवलेला दुसरा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर असेल तर पाहुण्यांच्या फ्लॅशनंही तो उडतो. आणि रेडिओ ट्रिगर शेजारच्या हॉलमधल्या फोटोग्राफरच्याच चॅनलवर असेल, तर त्याच्या क्लिकवर तुमचा फ्लॅश उडत राहतो. चॅनल बदला. शूटिंगवाल्याचा एलईडी तुमच्या फ्लॅशवर आणखी भर घालतो, त्याच्याशी आधीच बोलून घ्या. आणि फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश घरात सापडला तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. काहींच्या पायावर शंभर-दोनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, कॅमेरा कायमचा जाऊ शकतो.

उडालेला फोटो नंतर वाचवता येतो का? रॉ फाइल असेल तर एखादा स्टॉप परत मिळतो. हायलाइट्स खाली ओढा, शालूची जर बऱ्यापैकी येते. जेपेगमध्ये जिथं सगळे चॅनल २५५ ला पोचले तिथं माहितीच उरलेली नसते. ओढून फक्त करडा डाग मिळतो. पांढऱ्या कपड्यावर तो खपून जातो, चेहऱ्यावर अल्बमच्या मोठ्या पानात लगेच दिसतो. म्हणून लग्नात रॉच काढा, मेमरी कार्डाचा खर्च दरात धरा.

नवा फ्लॅश आणलात तर बयाणा घेतलेल्या लग्नात तो पहिल्यांदा लावू नका. आधी घरात एखाद्या माणसाला पांढरा सदरा घालून भिंतीपुढं उभं करा, आयएसओ ४०० आणि एफ ४ वर कॅमेरा बांधा, १, २ आणि ४ मीटरवरून १/१२८ पासून वर चढत फोटो काढा, आणि सदऱ्याची शिवण कुठल्या पॉवरपर्यंत दिसते ते आकडे कागदावर लिहून कागद फ्लॅशच्या पाउचमध्ये ठेवा.